आधी कथलावर संशय घ्या: आंतरधातू अतिसंवाहकांत स्पिन-ऑर्बिट कपलिंगचा परिणाम कसा तपासायचा

३.७ केल्विनला रोध एकदम शून्यावर आला, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी संशोधनाच्या पहिल्या वर्षाला होतो. प्लॅटिनम असलेल्या एका संयुगाचे स्फटिक आम्ही वितळलेल्या कथलातून वाढवले होते. प्लॅटिनम म्हणजे जड अणू, जड अणू म्हणजे तगडं स्पिन-ऑर्बिट कपलिंग, आणि त्यातून हे नवं अतिसंवाहक! सकाळपर्यंत मनातल्या मनात अर्धा शोधनिबंध लिहून झाला होता. सरांनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "स्फटिक कशातून काढलेस?" कथलातून. "आणि कथील कितीला अतिसंवाहक होतं?" ३.७२ केल्विनला. मग ५० मिलिटेस्लाचं चिमुकलं चुंबकीय क्षेत्र लावून पुन्हा मोजलं. कथलाची अतिसंवाहकता जेमतेम ३० मिलिटेस्लाला मरते. आमचीही मेली. स्फटिकाच्या भेगांमध्ये अडकलेलं कथील रात्रभर मला हसत होतं.

या विषयात नव्याने येणाऱ्याला मी हीच गोष्ट आधी सांगतो. स्पिन-ऑर्बिट कपलिंग हे फार देखणं स्पष्टीकरण आहे आणि म्हणूनच ते लागू नसतं तिथेही चिकटवलं जातं. खाली दिलेला क्रम मी स्वतः वापरतो. आंतरधातू संयुगं, म्हणजे दोन-तीन धातू ठरावीक प्रमाणात आणि ठरावीक जागी बसून झालेले स्फटिक, एवढ्यापुरतंच बोलतो आहे.

पायरी १: ऊर्जांची शिडी मांडा

इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जोरात धावतो तेव्हा त्याच्या दृष्टीने केंद्राचं विद्युत क्षेत्रच काही अंशी चुंबकीय क्षेत्र होऊन जातं. त्या क्षेत्रात त्याच्या स्पिनची दिशा आणि त्याची कक्षीय गती एकमेकांना बांधली जातात. हेच स्पिन-ऑर्बिट कपलिंग. हा सापेक्षतेचा परिणाम आहे, त्यामुळे अणुकेंद्र जितकं भारी तितका तो मोठा. सिलिकॉनचा अणुक्रमांक १४. कपलिंगमुळे त्याच्या पट्ट्यांमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मोकळ्या असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यांत, पडणारी फूट ४४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. जर्मेनियमचा ३२, फूट सुमारे २९० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. अणुक्रमांक सव्वादोन पट आणि फूट साडेसहा पट. प्लॅटिनम (७८) आणि बिस्मथ (८३) यांच्यापर्यंत पोचलात की गोष्ट अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या, कधी त्याहूनही वरच्या घरात जाते.

आता अतिसंवाहकतेची बाजू. १९५७ च्या बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांतानुसार गॅप, म्हणजे जोड्या जमल्यावर इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांत पडणारी मोकळी फट, साधारण १.७६ गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले क्रांतिक तापमान (ज्याखाली अतिसंवाहकता सुरू होते ते). १ केल्विन म्हणजे ०.०८६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणून ५ केल्विनच्या अतिसंवाहकाचा गॅप होतो सुमारे ०.७६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट.

वहीत हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. एक शेकड्यांत, दुसरा एकाहूनही लहान. कुणालाही प्रश्न पडेल: एवढी मोठी ढवळाढवळ असताना कूपर जोड्या, म्हणजे रोधाविना वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, टिकतातच कशा?

उत्तर कालव्युत्क्रम सममितीत आहे, म्हणजे काळ उलटा फिरवला तरी नियम तेच राहण्यात. जोडी बनते ती एका इलेक्ट्रॉनची आणि त्याच्याच कालव्युत्क्रमित प्रतिमेची: संवेग उलटा, स्पिनही उलटा. स्पिन-ऑर्बिट कपलिंग कितीही मोठं असलं तरी ते ही सममिती मोडत नाही, कारण काळ उलटा फिरवला की स्पिन आणि कक्षीय गती दोन्ही एकदमच उलटतात आणि त्यांचा गुणाकार होता तसाच राहतो. जोडीदार दोघेही सारख्याच ऊर्जेचे राहतात, जोडी जमते. अँडरसनने १९५९ मध्ये दाखवलं की अचुंबकीय अशुद्धींनी साध्या अतिसंवाहकाचं फारसं बिघडत नाही, त्यामागचं कारणही हेच. उलट, लँथॅनममध्ये शेकडा एखादा गॅडोलिनियमचा अणू मिसळला की क्रांतिक तापमान जवळजवळ भुईसपाट होतं. हे मॅथायस आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवलं. गॅडोलिनियमचा चुंबकीय क्षण कालव्युत्क्रम सममिती मोडतो. ऊर्जा किती मोठी, यापेक्षा ती कोणती सममिती मोडते हे इथे महत्त्वाचं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे गैरसमज आपोआप गळतात.

पायरी २: स्फटिकाला केंद्र आहे का ते पाहा

पहिला प्रश्न: या स्फटिकात सममिती केंद्र आहे का? म्हणजे असा एखादा बिंदू, की त्याच्या एका बाजूला जिथे अणू आहे, बरोबर त्याच्या उलट बाजूला तितक्याच अंतरावर तोच अणू सापडेल.

केंद्र असेल तर प्रत्येक संवेगाला दोन अवस्था एकाच ऊर्जेवर राहतात. कपलिंग कितीही असो, त्यांना फोडू शकत नाही. त्या अवस्था शुद्ध वर-खाली स्पिनच्या राहत नाहीत, पण जोडी असते. अशा संयुगात कपलिंगचा परिणाम बहुधा आडून होतो: पट्ट्यांचे आकार बदलतात, फर्मी पातळीवरची (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सगळ्यांत वरच्या ऊर्जेवरची) अवस्थांची घनता बदलते, फोनॉन, म्हणजे स्फटिकाची कंपनं, बदलतात. साधं शिसं घ्या. कपलिंग न धरता केलेलं गणित त्याची इलेक्ट्रॉन-फोनॉन आंतरक्रिया कमी दाखवतं; कपलिंग धरल्यावर फोनॉन मऊ होतात आणि आंतरक्रिया प्रयोगाच्या जवळ येते. यात कुठेही विलक्षण जोड्या नाहीत. तरी कपलिंगचा परिणाम आहेच, आणि माझ्या मते या कंटाळवाण्या वाटणाऱ्या परिणामाकडे नवखे लोक फार लवकर पाठ फिरवतात.

केंद्र नसेल तर चित्र पालटतं. आता एकाच संवेगाच्या दोन स्पिन अवस्था वेगळ्या ऊर्जेवर जातात. फर्मी पृष्ठभाग, म्हणजे फर्मी पातळीवरच्या संवेगांचा पृष्ठभाग, दुभंगतो, एकात एक बसवलेल्या दोन कवचांसारखा, आणि प्रत्येक कवचावर स्पिनची दिशा संवेगाच्या दिशेला जखडलेली असते. राश्बाच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी यातली सगळ्यांत परिचित: स्फटिकाचा एक अक्ष ध्रुवीय, आणि स्पिन त्या अक्षाला लंब असलेल्या प्रतलात संवेगाभोवती भोवऱ्यासारखे मांडलेले.

केंद्र असताना कूपर जोडी एकतर सिंगलेट असायची, म्हणजे स्पिन परस्परविरोधी, नाहीतर ट्रिपलेट, म्हणजे स्पिन एकमेकांना साथ देणारे. केंद्र गेल्यावर ही वाटणीच उरत नाही; गॉरकॉव्ह आणि राश्बा यांनी २००१ मध्ये हे स्पष्ट मांडलं. दोन्हींचं मिश्रण होतं. एका कवचावरचा गॅप म्हणजे सिंगलेट अधिक ट्रिपलेट, दुसऱ्यावरचा सिंगलेट उणे ट्रिपलेट. दोन्ही भाग तुल्यबळ असतील तर त्या उण्याच्या कवचावर कुठेतरी गॅप शून्य होतो. पण ट्रिपलेटचा भाग नगण्य असेल तर? तर दोन्ही कवचांवर गॅप सारखाच, आणि मोजमापात साधा, शाळकरी अतिसंवाहक दिसतो. मिश्रणाला परवानगी आहे, याचा अर्थ ते भरपूर आहे असा होत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

केंद्र आहे की नाही हे क्ष-किरणांनी ठरवणं वाटतं तितकं सोपं नसतं. विवर्तनात समोरासमोरच्या ठिपक्यांची तीव्रता जवळपास सारखी येते, त्यामुळे केंद्र नसलेला स्फटिकही केंद्र असल्याचा आव आणतो. एकस्फटिकाची मापनं घेऊन फ्लॅक प्राचल, म्हणजे तुकड्यात उलट्या रचनेचा वाटा किती ते सांगणारा आकडा, काढा. शून्याजवळ आला तर उत्तम. ०.५ च्या आसपास आला तर एकाच तुकड्यात दोन उलटसुलट जुळे स्फटिक असण्याची शक्यता आहे.

आणखी एक सापळा. पूर्ण स्फटिकाला केंद्र आहे, पण ज्या अणूंवर इलेक्ट्रॉन नांदतात त्या जागी ते नाही, असंही असतं. सेरियम-ऱ्होडियम-आर्सेनिकचं १:२:२ संयुग याचं गाजलेलं उदाहरण. क्रांतिक तापमान अवघं ०.२६ केल्विन, आणि तरी एका अक्षाच्या दिशेने लावलेलं क्षेत्र ते १४ टेस्लापर्यंत सोसतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सुमारे ४ टेस्लाला अतिसंवाहकतेच्या आतच एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणारं संक्रमण दिसलं. म्हणून रचनेच्या तक्त्यात फक्त अवकाशगट (पूर्ण स्फटिकाच्या सममितीचा गट) पाहून थांबू नका, प्रत्येक अणूच्या जागेची सममितीही वाचा.

पायरी ३: जोडीदार संयुग शोधा

एकट्या संयुगावरून कपलिंगचा परिणाम सांगता येत नाही. रचना तीच, इलेक्ट्रॉनांची संख्या तीच, फक्त एक अणू हलका-जड केलेला, असा जोडीदार हवा. आवर्तसारणीत एक घर खाली उतरा: निकेलऐवजी पॅलेडियम, पॅलेडियमऐवजी प्लॅटिनम, ऱ्होडियमऐवजी इरिडियम.

या प्रकारातली सगळ्यांत शिकवणारी जोडी लिथियम, पॅलेडियम आणि बोरॉन यांच्या २:३:१ संयुगाची, आणि त्यातल्या पॅलेडियमच्या जागी प्लॅटिनम घातलेल्या भावंडाची. दोन्ही घनाकार, दोन्हींना केंद्र नाही, दोन्हींत चुंबकत्वाची भानगड नाही. पॅलेडियमवालं साधारण ७ ते ८ केल्विनला अतिसंवाहक होतं, प्लॅटिनमवालं सुमारे २.७ केल्विनला. पट्ट्यांच्या गणितात पॅलेडियमवाल्याची फूट सुमारे ३० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट निघते, प्लॅटिनमवाल्याची सुमारे २००. चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकात किती खोल शिरतं, हे २००६ मध्ये मोजलं गेलं. पॅलेडियमवाल्यात तापमान उतरवत गेल्यावर ही खोली घातांकी रीतीने स्थिर होते: गॅप सगळीकडे उघडा. प्लॅटिनमवाल्यात ती शेवटपर्यंत सरळ रेषेत बदलत राहते: गॅप कुठेतरी रेषेवर शून्य. केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनानेही (एनएमआर) दोघांतला फरक सुचवला. त्यात नाइट शिफ्ट, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळे अणुकेंद्राच्या संकेतात पडणारा फरक, मोजतात; सिंगलेट जोड्या जमल्या की ती घसरायला हवी. पॅलेडियमवाल्यात नाइट शिफ्ट संक्रमणाखाली घसरते, प्लॅटिनमवाल्यात जागची हलत नाही.

इथपर्यंत गोष्ट गुळगुळीत आहे. आता तिचे खडबडीत कोपरे बघा. पॅलेडियमच्या जागी हळूहळू प्लॅटिनम वाढवत नेलं, तर सिंगलेटपासून ट्रिपलेटकडे सरकत जाणारा बदल दिसायला हवा. प्रत्यक्षात ८० टक्के प्लॅटिनमपर्यंत फारसं काही घडत नाही, आणि मग वागणूक एकाएकी बदलते. कारण त्या सुमारास बोरॉनभोवतीच्या अष्टफलकांचे एकमेकांशी असलेले कोनच बदलतात आणि केंद्राचा अभाव अधिक ठळक होतो. म्हणजे नुसता अणुक्रमांक काम करत नव्हता. अणू कुठे आणि कसे बसलेत, हेही तितकंच बोलत होतं.

दुसरा कोपरा क्रांतिक तापमानाचा. "७ वरून २.७ वर आलं, म्हणजे कपलिंगने अतिसंवाहकता दडपली" असं वाक्य प्रत्येक नवखा एकदा तरी लिहितो. मीही लिहिलं होतं. पण प्लॅटिनम आल्यावर अणूंचं वस्तुमान बदलतं, फोनॉन बदलतात, अवस्थांची घनता बदलते. विशिष्ट उष्णतेतून या गोष्टी वेगळ्या काढल्याशिवाय ते वाक्य लिहू नका.

गणित करणारा मित्र असेल तर त्याच्याकडून एक काम जरूर करून घ्या: तीच रचना, एकदा कपलिंग धरून आणि एकदा न धरता. मग फर्मी पातळीवरची फूट, त्या विशिष्ट कवचांवरची, काढा आणि तिला क्रांतिक तापमानाच्या ऊर्जेने भागा. पॅलेडियमवाल्याचं गुणोत्तर चाळिसाच्या आसपास येतं, प्लॅटिनमवाल्याचं साडेआठशेच्या वर. अणूची सरासरी फूट पुस्तकातून उचलून इथे वापरू नका. फर्मी पातळीवर प्लॅटिनमच्या कक्षांचा वाटाच नसेल तर ते प्लॅटिनम नुसतं वजनाला.

पायरी ४: सॅम्पल

इथेच वर्ष जातं, त्यामुळे थोडं सविस्तर.

उच्च वितळणबिंदूच्या धातूंसाठी आर्क फर्नेस, म्हणजे विजेच्या ठिणगीने वितळवणारी भट्टी. पाण्याने थंड ठेवलेली तांब्याची बैठक, टंगस्टनचं टोक, आत आरगॉन. तुमचा माल वितळवण्याआधी शेजारी ठेवलेला टायटॅनियमचा गोळा वितळवा. उरलासुरला ऑक्सिजन तो पिऊन टाकतो. गोळा चार-पाच वेळा उलटून वितळवायचा, नाहीतर तळाशी वेगळं आणि माथ्याशी वेगळं संयुग मिळतं. आधी आणि नंतर वजन करा. घट १ टक्क्याच्या आत असेल तर पुढे जा.

बिस्मथ आला की ही पद्धत हातची सोडा. प्लॅटिनम १७६८ अंश सेल्सियसला वितळतं आणि बिस्मथ १५६४ अंशांनाच उकळतो. प्लॅटिनम वितळेपर्यंत बिस्मथ भिंतींवर काजळी होऊन बसलेला असतो. त्यासाठी निर्वात करून बंद केलेली क्वार्ट्झची नळी आणि सावकाश तापवणं. बिस्मथ-पॅलेडियम १:१ संयुगात आणखी एक खोच आहे: थंड होताना सुमारे २१० अंशांच्या आसपास त्याची रचना बदलते, त्यामुळे तिथून घाईने उतरलात तर स्फटिकात जुळे भाग भरतात. लिथियमची संयुगं दोन टप्प्यांत करतात: आधी पॅलेडियम-बोरॉन, मग त्यात लिथियम, आणि उडून जाईल म्हणून थोडं जास्तीचं.

आणि वितळलेल्या धातूतून स्फटिक वाढवलेत, तर त्या धातूचं क्रांतिक तापमान वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कथील ३.७२, इंडियम ३.४१, शिसं ७.२ केल्विन. लँथॅनमची संयुगं करताना न जुळलेलं लँथॅनम ५ ते ६ केल्विनला डोकं वर काढतं. तुमचं संक्रमण यांपैकी कशाच्याही दशांशभर जवळ असेल तर आनंद साजरा करायला उशीर करा.

पायरी ५: साधी मापनं, याच क्रमाने

रोध आधी मोजा, पण त्यावर विश्वास सगळ्यांत शेवटी ठेवा. विजेला एक अखंड वाट मिळाली तरी रोध शून्य होतो, मग ती वाट केसाएवढ्या कथलाच्या धाग्याची का असेना. चुंबकन त्याहून बरं. पण तुकड्यावर अतिसंवाहक साल असेल तर क्षेत्र आत जातच नाही आणि सगळा तुकडा अतिसंवाहक असल्याचं भासतं. तुकडा खलात भरडून पुन्हा मोजा. खरा साक्षीदार विशिष्ट उष्णता. साध्या, कमकुवत आंतरक्रियेच्या अतिसंवाहकात संक्रमणाला जी उडी बसते, तिचं इलेक्ट्रॉनांच्या सामान्य उष्णतेशी गुणोत्तर १.४३ असतं. तुमची उडी याच्या दशांशाएवढीच असेल, तर तुमच्या तुकड्याचा बहुतांश भाग या सोहळ्यात सामील झालेलाच नाही.

पायरी ६: क्षेत्राचा हिशेब

सगळ्यांत जास्त दावे इथे होतात, आणि सगळ्यांत जास्त चुकाही.

चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकता दोन वाटांनी मारतं. एक, इलेक्ट्रॉनांच्या कक्षा वळवून. दोन, स्पिनला एका दिशेला ओढून, कारण सिंगलेट जोडीतले विरोधी स्पिन क्षेत्राला परवडत नाहीत. दुसऱ्या वाटेची मर्यादा १९६२ मध्ये क्लॉगस्टन आणि चंद्रशेखर यांनी स्वतंत्रपणे काढली. तिला पाउली मर्यादा म्हणतात. सूत्र सोपं: क्रांतिक तापमानाला १.८४ ने गुणा, उत्तर टेस्लात.

सेरियम, प्लॅटिनम, सिलिकॉनचं १:३:१ संयुग घ्या. २००४ मध्ये व्हिएन्नामधल्या अर्न्स्ट बाउअर यांच्या गटाने त्यात अतिसंवाहकता जाहीर केली. क्रांतिक तापमान ०.७५ केल्विन. पाउली मर्यादा १.८४ गुणिले ०.७५, म्हणजे १.३८ टेस्ला. प्रत्यक्षात वरचं क्रांतिक क्षेत्र, म्हणजे ज्याला अतिसंवाहकता पूर्ण मरते ते, मोजलं गेलं ५ टेस्लाच्या घरात. या स्फटिकाला केंद्र नाही, ध्रुवीय अक्ष आहे, आणि फूट क्रांतिक तापमानाच्या ऊर्जेच्या हजारो पट आहे. त्या एका कामानंतर या विषयाला अक्षरशः पूर आला.

स्पिन संवेगाला जखडलेले असतात, म्हणून क्षेत्राला ते सहज ओढता येत नाहीत. राश्बा मांडणीत क्षेत्र ध्रुवीय अक्षाच्या दिशेने लावलं तर पाउली मर्यादा जवळपास लोपते. आडवं लावलं तर काही अंशी उरते. दिशेची ही निशाणी फार मोलाची. सेरियम-इरिडियम-सिलिकॉनचं १:१:३ संयुग दाबाखाली अतिसंवाहक होतं, क्रांतिक तापमान १.६ केल्विनच्या आसपास, आणि ध्रुवीय अक्षाच्या दिशेने त्याचं वरचं क्रांतिक क्षेत्र ४५ टेस्लापर्यंत अंदाजलं गेलं. आडव्या दिशेने ते १० टेस्लाच्या आसपासच अडकतं.

आता तुमचा हिशेब. समजा क्रांतिक तापमान ४ केल्विन आणि संक्रमणाजवळ वरच्या क्रांतिक क्षेत्राचा उतार दर केल्विनला १.५ टेस्ला. कक्षीय मर्यादा काढायला वर्थॅमर-हेल्फँड-होहेनबर्ग यांचं सूत्र: ०.६९३ गुणिले ४ गुणिले १.५, म्हणजे ४.२ टेस्ला. पाउली मर्यादा १.८४ गुणिले ४, म्हणजे ७.४ टेस्ला. कक्षीय मर्यादा आधीच गाठली जाते, स्पिनची परीक्षा झालीच नाही. असं संयुग कपलिंगबद्दल हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. बहुतेक आंतरधातू अतिसंवाहक याच खान्यात पडतात, आणि तसं लिहिण्यात कमीपणा नाही.

पाउली मर्यादा ओलांडली गेली तरी घाई नको. गॅप १.७६ पटीहून मोठा असेल तर मर्यादाही तितकीच वर सरकते. सॅम्पलमध्ये दोष आणि जड अणू असतील तर आदळताना स्पिन उलटतात, आणि त्यामुळेही मर्यादा वाढते; त्याला केंद्राच्या अभावाची गरज नाही. हे शेवटचं कारण जुनं आहे. १९५७ मध्ये पाऱ्याच्या बारीक कणांमध्ये नाइट शिफ्ट मोजली गेली तेव्हा ती अतिसंवाहक अवस्थेत शून्याकडे जायला तयार नव्हती. पुढे कथलातही तेच दिसलं. बार्डीन-कूपर-श्रीफरच्या नव्या सिद्धांतावरच शंका घेण्याची वेळ आली होती. उत्तर निघालं ते हेच: लहान कणांच्या पृष्ठभागांवर आदळताना कपलिंगमुळे स्पिन मिसळतात. पारा साधा सिंगलेटच होता. म्हणून नाइट शिफ्ट हलली नाही एवढ्यावरून ट्रिपलेट जाहीर करणाऱ्याला पारा दाखवावा.

पायरी ७: सूक्ष्म साक्षीदार

इथपर्यंत काही खरोखर वेगळं दिसलं असेल तरच या महागड्या पायरीवर या: क्रांतिक तापमानाच्या दशांशापर्यंत उतरून भेदन खोली, म्हणजे क्षेत्र किती खोल शिरतं ते, आणि म्युऑन, म्हणजे सॅम्पलमध्ये सोडलेले अल्पायुषी मूलकण.

म्युऑन हे भलतंच संवेदनशील होकायंत्र आहे. बाहेरून क्षेत्र नसताना, अतिसंवाहकतेबरोबर आत मिलिटेस्लाच्या शंभराव्या भागाएवढं क्षेत्र उगवलं तरी ते कळतं. तसं दिसलं तर जोडी स्वतःच कालव्युत्क्रम सममिती मोडते आहे. केंद्र नसलेल्या कित्येक संयुगांत हे सापडलं: लँथॅनम-निकेल-कार्बनमध्ये २००९ ला, ऱ्हेनियम-झिर्कोनियमच्या ६:१ संयुगात २०१४ ला. केंद्र नाही, जड अणू आहेत, सममिती मोडली. कपलिंगला श्रेय देऊन मोकळं व्हावं असं चित्र. पण मग लँथॅनम-इरिडियमच्या ७:३ संयुगाबरोबर त्याचं ऱ्होडियमवालं हलकं भावंड मोजलं गेलं, आणि त्यातही जवळपास तेच दिसलं. २०१८ मध्ये तर शुद्ध ऱ्हेनियममध्येही हा संकेत आढळला, आणि त्याच्या स्फटिकाला चांगलं धडधाकट केंद्र आहे. जोडीदार आणि मूळ धातू मोजायचा आग्रह मी का धरतो, ते इथे कळेल.

सेरियम-प्लॅटिनम-सिलिकॉनचाही जोडीदार आहे. सेरियम काढून लँथॅनम घाला: रचना तीच, केंद्राचा अभाव तोच, फुटीचा आकडाही त्याच घरातला. क्रांतिक तापमान ०.६ केल्विन. आणि वागणूक? अगदी साधी, गॅप सगळीकडे उघडा. सेरियमवाल्यात जे वेगळं आहे ते सेरियमच्या एफ इलेक्ट्रॉनांच्या परस्पर आंतरक्रियेतून येतं, तिथे २.२ केल्विनखाली प्रतिलोहचुंबकत्वही (शेजारचे चुंबकीय क्षण एकमेकांविरुद्ध) आहे. कपलिंगने दोन्हींना दार सारखंच उघडून दिलं होतं, आत शिरायला पाय एकाकडेच होते.

आणि कथलाचा तो तुकडा फेकू नका. माझ्या टेबलाच्या खणात अजून एक आहे, शेजारी शिशाचा. नवा क्रायोस्टॅट (सॅम्पल अतिथंड ठेवणारं उपकरण) लागला किंवा तापमापी बदलली की आधी हे दोन मोजतो. एक ३.७२ ला पडला आणि दुसरा ७.२ ला, तरच स्वतःचं सॅम्पल चढवतो.